चष्म्याचं खोटं

कुंभार पिंपळगाव नावाच्या गावात वडील शाळेत मास्तर होते आणि फक्त शनिवारच्या एसटीने जालन्याला घरी यायचे. तिथल्या मस्तगड भागातल्या दोन खोल्यांत आई, मी आणि धाकटा भाऊ राहायचो. वडील नसले की संध्याकाळची प्रार्थना आई घ्यायची. दिवाबत्ती झाली की ती सतरंजी पसरायची, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर उघडायची आणि एक अख्खा अध्याय न अडखळता वाचायची. निदान आम्हाला तसंच वाटायचं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या रेडिओवर उर्दू बातम्या चालू असत. त्यांच्यावर आवाज चढवायचा नाही, हा आईचा नियम होता.

मी पाचवीत होते. एका रविवारी चर्चच्या शब्बाथशाळेत माझं शास्त्रातलं वचन पाठ नव्हतं. ताप आल्ता, असं मी बाईंना ठोकून दिलं. ते आईच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी तिने मला हाताला धरून नेलं आणि सगळ्या पोरांसमोर उभं केलं.

"सांग, ताप आल्ता का?"

"न्हाई," मी म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

तो आठवडा मी आईशी तुटक वागले. प्रार्थनेला डोळे मिटले, ते अर्धेच. अशात एका संध्याकाळी माझं लक्ष तिच्या मांडीवरच्या पानाकडे गेलं. आई येशूचं डोंगरावरचं प्रवचन म्हणत होती. पानावर मात्र नुसती नावं होती, कुणाचा मुलगा कोण याची लांबलचक यादी. तिचं बोट शांतपणे ओळीओळीवरून फिरत होतं. मधे तिने पानही उलटलं.

आईला वाचता येत नव्हतं.

मला वाईट वाटलं नाही. आता माझ्याकडेही काहीतरी आहे, एवढंच वाटलं. मी ते जपून ठेवलं.

शुक्रवारी दुपारी चर्चच्या ओसरीवर बायकांची सभा असे. शाळा लवकर सुटल्यामुळे त्या दिवशी मीही गेल्ते. नेहमी वाचणारी नर्सबाई ड्युटीवर होती. सभा घेणाऱ्या पाळकबाईंनी शास्त्र आईपुढे धरलं. "ताई, आज तुम्ही वाचा."

आईने हात मागे घेतला. "चष्मा घरी राह्यला बघा."

"आईला चष्मा न्हाईच," मी म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं. "तिला वाचताच येत न्हाई."

पाळकबाईंनी घाईघाईने स्वतःच वाचायला घेतलं. आई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती. दुकानांच्या गर्दीतून जाताना रोज ती माझा हात धरायची. त्या दिवशी धरला नाही.

मार पडेल, याची मी वाट पाहत होते. मार पडला असता तर बरं झालं असतं. आईने भाकरी केल्या, आम्हाला वाढलं, सतरंजी पसरली. शास्त्र मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. अध्याय तोंडपाठ म्हणून झाल्यावर तिने भावाला आत पाठवलं.

"तू बोललीस ते बराबर होतं," ती म्हणाली. "मीच खोटं बोलले."

मी सतरंजी गुंडाळायला घेतली.

"पण खरं सांगायचं म्हणून बोललीस का मला खाली बघायला लावायचं म्हणून, ते तुझं तुलाच ठाऊक. मला नको सांगू. प्रार्थनेत सांग."

त्या रात्री मी प्रार्थना केली नाही. काय सांगायचं ते मला चांगलंच ठाऊक होतं, म्हणूनच करवली नाही.

आई आता सभेला जाणार नाही, असं मी धरून चालले होते. पुढच्या शुक्रवारी तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि मलाही चल म्हणाली. गीत संपल्यावर पाळकबाईंनी शास्त्र उघडलं, तेवढ्यात आई उठून उभी राहिली.

"मागच्या वेळी मी चष्म्याचं खोटं बोलले," ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. आमच्या खेड्यात एक शास्त्र सांगणारी बाई यायची. तिच्याकडून ऐकून माझ्या आईनं पाठ केलं, आईकडून ऐकून मी. तेवढं येतं. चालंल का?"

पाळकबाई हातातलं पुस्तक मिटून खाली बसल्या. "म्हणा," त्या म्हणाल्या.

आईने पूर्ण अध्याय म्हटला. तो संपल्यावर अंबडहून लेकीकडे आलेली एक म्हातारी म्हणाली, "मला बी न्हाई येत माय. मी शास्त्र नुसतं धरून बसते." मग आणखी एक बाई हसली आणि तिनेही मान हलवली.

मी उठून आईजवळ जाऊन बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर शब्दांऐवजी रडूच आलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. सभा तशीच पुढे चालू राहिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला अक्षरं शिकवली. दुपारी जेवणं उरकली की पाटी घेऊन बसायचो. ती चांगली विद्यार्थिनी नव्हती. जोडाक्षर आलं की चिडायची, "दोघांना एकमेकांवर कशाला चढवून राह्यले हे लोक?" म्हणायची. वडीलही सुट्टीमुळे घरीच असत; ते गुपचूप बघत आणि मला खुणेनं 'हळू, हळू' सांगत. पावसाळा सरता सरता ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागली.

पहिल्यांदा तिने मेंढपाळाचं स्तोत्र काढलं. वाचता वाचता तिचं बोट थांबलं. मागे गेलं, परत तिथंच आलं.

"इथला 'बिलकुल' कुठं गेला?"

मी वाकून पाहिलं. 'मला काही उणे पडणार नाही,' एवढंच छापलेलं होतं; 'बिलकुल' तिथे नव्हताच. घरी मी तो तिच्यासारखा घालून म्हणायचे, शब्बाथशाळेत न घालता, आणि या दोन्हींत फरक आहे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"माझ्या आईनं घातला असंल," ती म्हणाली. काही उणं पडणार नाही, एवढ्याने तिच्या आईचं समाधान झालं नसावं.

"मंग आता सोडून द्यायचा?" मी विचारलं.

तिने त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"वाचताना सोडीन," ती म्हणाली. "म्हणताना न्हाई सुटायचा."

आणि तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.