सर्जेरावांची तोंडी बडतर्फी

खराडीच्या सर्जेरावांनी उभ्या जन्मात कुणाला रजा दिली नाही. बापाच्या ज्वारीच्या रानात काचेच्या इमारतीतली कॉम्प्युटरची कंपनी उभी राहिली, आणि तिथल्या पोरापोरींना घरनं आणायच्या-सोडायच्या बावीस गाड्या सर्जेरावांच्या झाल्या. ड्रायव्हरनं सुट्टी मागितली की म्हणायचे, "इंजनाला सुट्टी असती का रं?"

पण ड्रायव्हर काय खुळे नव्हते. जत्रा असो, बारसं असो, नाहीतर कांद्याची लागण. आदल्या दिवशी मालकाला डिवचायचं. मालक भडकले की कमरेखालची एक शिवी हासडून गरजायचे, "उद्यापास्नं थोबाड दावू नगंस!" झालं. गडी तीन दिवस गावाला. चौथ्या दिवशी फडकं घेऊन गाडी पुसायला हजर, आणि सर्जेरावच विचारायचे, "लगीन कसं झालं?"

पोपट ह्यातला उस्ताद. अकरा वर्षांत सतरा वेळा कामावरनं गेलेला.

यंदा मात्र सून हापिसात येऊन बसली. ऋतुजा, एमबीए झालेली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आबा, असं तोंडी काढणं बेकायदा आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग चौकशी, मग पुढचं."

"मंजी शिवी बी लिहूनच द्यायची?"

"शिवी द्यायचीच नाही."

गुरुवारी कंपनीकडनं गाड्यांच्या ठेक्याची तपासणी होती. कामगार कायदे पाळलेले दिसले नाहीत तर ठेका बंद, असं पत्रच आलेलं. आणि शुक्रवारी पोपटच्या गावची जत्रा. देवाच्या काठीचा मान त्याच्या घराण्याचा.

बुधवारी पोपट कामाला लागला. मालकांच्या नव्या कोऱ्या गाडीला कोंबड्यांचं खुराडं म्हणाला. सर्जेरावांचे कान तापले, पण पलीकडं सून. गिळलं.

"मालक, कलप लावून मिशा अगदी बुटाच्या ब्रशावानी दिसत्यात."

सर्जेराव तांब्याभर पाणी प्याले. "बरं दिसतंय म्हंतोस? ऱ्हाऊ दे मग."

पोपट हबकला. "मालक, बरं न्हाई का तुमास्नी?"

गुरुवारी तपासणीला कंपनीच्या शेफाली म्याडम आल्या. बाकीचे सगळे ड्रायव्हर सोडून त्यांनी नेमका पोपटच निवडला. "तुम्हाला कधी तोंडी कामावरून काढलंय?"

"हाय की!" पोपटची छाती फुगली. "सतरा बार!"

सर्जेरावांच्या डोळ्यांपुढनं बावीसच्या बावीस गाड्या रिव्हर्समध्ये निघून गेल्या.

"मग तुम्ही तक्रार नाही केलीत?"

"तक्रार कशापायी? जत्रंला गेलो. एकदा मेव्हणीच्या लग्नाला. पर ह्या खेपंला काढंनातच वो! उद्या जत्रा, काठीचा मान आमचा. कालपास्नं डिवचतोय, पर मालक नुसतं पाणी पित्यात. म्याडम, तुमी तरी सांगा की त्यास्नी!"

म्याडमचं पेन थांबलं. ऋतुजानं फायलीत तोंड खुपसलं.

"म्हणजे... ही रजा होती?"

"रजा कुठं देत्यात? काढत्यात."

म्याडमनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग ओठ आवळून हसू दाबत म्हणाल्या, "ठेका राहील. पण महिन्याभरात रजेचं रजिस्टर दाखवायचं. पहिला अर्ज आत्ता, माझ्यासमोर."

पोपटनं जीभ बाहेर काढून अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'मालकांनी शिवी दिली नाही म्हणून.'

सर्जेरावांनी सही केली. दाढ काढून घ्यावी तसं तोंड करून. पोपट उंबऱ्यापाशी पोचला तेव्हा त्यांना राहवेना. "पोप्या! तीन दिसाच्या वर ऱ्हायलास तर तुझ्या..."

सुनेनं मान वर केली.

"...तर तुझ्या नावानं कारणे दाखवा नोटीस काढीन!"

पोपटनं वळून मालकांकडं बघितलं. आजारी बैलाकडं बघावं तसं.

"त्यात दम न्हाई, मालक."