दगडाच्या पलीकडची जमीन

दावं माझ्या गळ्यात होतं. कोकराचं दावं, आमच्याच घरचं. तात्यांनी ते माझ्या हातातून हिसकावलं, माझ्या गळ्यात घातलं आणि दुसरं टोक बांधावरच्या बाभळीला बांधलं. मी तेव्हा चौथीत होते.

गुन्हा एवढाच की आमची चार-दोन मेंढरं बांध ओलांडून तात्यांच्या डाळिंबाच्या बागेत शिरली होती. तात्या म्हणजे गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. सरपंचकी त्यांच्याच घरात. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा म्हणून आम्हीही म्हणायचो, नातं काही नव्हतं. आम्ही धनगर. त्यांची बाग आणि आमचं कोरडवाहू वावर यांच्यामध्ये एक बांध, आणि बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड.

"मेंढराला हद्द कळत न्हाई," तात्या म्हणाले. "राखणारीला तरी कळू द्या. ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

बागेतले गडी हसले. ऊन चढत गेलं. मला लघवीला लागली आणि उभ्या उभ्या झाली. गडी पुन्हा हसले. ही गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. आता सांगते. लाज वाटायला हवी होती ती मला नव्हे, हे समजायला मला लय उशीर लागला.

बापू पळत आले. माझे वडील. मला वाटलं, आता दावं सोडतील. त्यांनी सोडलं नाही. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून तात्यांच्या पायाशी ठेवलं.

तात्यांना पागोटं नको होतं. त्यांनी एका गड्याला बिरोबाच्या देवळात पिटाळलं आणि भंडारा मागवला. भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्यात बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. पोट मारतील, जीव देतील, पण तो शब्द मोडणार नाहीत. तात्यांना आमच्या देवाशी काही घेणंदेणं नव्हतं. पण आमची शपथ किती पक्की, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

बापूंनी भंडारा कपाळाला लावला, बेलाचं पान उचललं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्या दगडाच्या पलीकडं माजं पाऊल पडणार न्हाई. माज्या मेंढराचं पडणार न्हाई. बिरोबाची आण."

मग माझं दावं सुटलं.

शिकलेल्या माणसाला वाटेल, ह्यात बिघडलं काय? पलीकडची जमीन दुसऱ्याची, तिकडं जायचं नाही, शब्द चांगलाच आहे. पण बापूंनी शपथ जमिनीवर घेतली नव्हती, दगडावर घेतली होती. जमीन जागची हलत नाही. दगड हलवता येतो.

दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचो, सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात मिळेल त्यावर पोट भरायचं. पाऊसकाळ तोंडावर आला की माघारी माण तालुक्यात, गावाकडं. मधले महिने वावराला राखण कुणाची? कुणाचीच नाही. पहिल्याच वर्षी परत आलो तर दगड अलीकडं आलेला. बांध नवा, ताज्या मातीचा. पलीकडं डाळिंबाची नवी ओळ.

आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आवं," ती बापूंना म्हणाली, "औंदा आपली चूल बांधाकडं गेली, का बांधच चुलीकडं आला?"

बापू दगडापाशी गेले आणि थांबले. पाऊल उचललं नाही.

दरसाल तेच. आम्ही उतरायचो, दगड चालायचा. मेंढरं माळावर फिरतात तसा तो दगड आमच्या वावरात फिरायचा. बापू औत घेऊन यायचे, दगडापर्यंत नांगरायचे आणि वळायचे. त्यांनी तक्रार केली नाही. तलाठ्याकडं गेले नाहीत. आईनं एकदा रडून सांगितलं, तेव्हा म्हणाले, "पोरीसाठी दिलेला शब्द हाय. मोडला तर तिच्यावरच उलटंल."

म्हणजे माझा गळा सोडवायला बापूंनी आमचं वावर दिलं. एकदा नव्हे, दर वर्षी थोडं थोडं. मला बापूंचा राग यायचा. त्याहून माझा स्वतःचा यायचा. ह्या रागात मी वसतिगृहात राहून शिकले.

आता मी सांगलीत एका दस्त लिहिणाऱ्याकडं टायपिंग करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटपपत्र. प्रत्येक दस्तात जमिनीचं वर्णन असतं. गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा. पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस तमुक यांची, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. पहिले काही महिने मी हे नुसतं टाईप करत होते. एक दिवस हात थांबले. चतुःसीमेत शेजाऱ्याचं नाव असतं. आपली जमीन कुठं संपते हे सांगायला शेजाऱ्याचं नाव घ्यावंच लागतं. तात्यांना त्यांची बाग विकायची झाली तर त्यांच्या पश्चिमेला बापूंचं नाव लिहावं लागणार होतं. ज्याचं पागोटं पायाशी घेतलं त्याचं नाव.

आणि घडलं तसंच. आमच्या माळावर सौरऊर्जेवाले आले. तात्यांनी बागेसकट तो सगळा गट विकायला काढला. विक्रीआधी सरकारी मोजणी हवी. लगतचा खातेदार म्हणून बापूंना नोटीस आली. बापूंनी मला फोन केला. "ये," एवढंच म्हणाले.

मोजणीच्या दिवशी बांधावर निम्मं गाव जमलं होतं. मोजणीवाल्या साहेबांनी तिपाईवर मशीन लावलं, नकाशा बघितला, माणसं इकडं तिकडं उभी केली. शेवटी खूण रोवली ती डाळिंबांच्या मधोमध. बागेच्या पार आत. दगडापासून तिथवरच्या साऱ्या ओळी आमच्या जमिनीत होत्या.

साहेबांनी बापूंना हाक मारली. "या आजोबा, इथं येऊन खूण बघून घ्या."

बापू दगडाच्या अलीकडं उभे होते. हलले नाहीत.

"अहो, या. तुमचीच जमीन आहे ही."

बापूंची नजर दगडावर होती. मी जवळच होते, मी बघितलं. जन्मभर डोंगर तुडवलेले पाय, पण वीतभर पुढं गेले नाहीत.

तात्या आता म्हातारे झालेत, पण तोरा तोच. पहिल्या वेळी गडी हसले होते, ह्या वेळी मात्र ते स्वतः हसले. "त्यो न्हाई यायचा, सायेब. त्येला त्येची जागा म्हाईत हाय. लिवा तुमी. दगड हीच हद्द, शेजाऱ्याला मान्य. करंल सही. कर रं."

पोराला म्हणावं तसं, कर रं. माझ्या बापाला. गाव हसलं. माझ्या अंगात तो जुना ओलेपणा पुन्हा उतरला, पायांवरून ओघळणारा. तात्यांच्या माणसानं कागद पुढं केला आणि बापूंनी पेन हातात घेतलं.

"बापू," मी म्हणाले, "ती आण माज्यासाठी घेतली व्हती न्हवं? मग मी सांगते. नगो मला ती."

"तू कोण गं?" तात्या वळले. "सातबाऱ्यावर नाव हाय का तुजं?"

"न्हाई."

"मग बाजूला व्हय."

साहेब खाली नकाशात बघू लागले. खरंच माझं नाव नव्हतं. कायदा लेकीला वडिलार्जित जमिनीत जन्मापासून वाटा देतो, पण नाव चढवायचं कुणी? आमच्यात लेक लग्न होऊन जाते आणि जायच्या आधीच कागदावरून गेलेली असते. त्या बांधावर मी मेंढरू होते तेव्हाही आणि टायपिस्ट झाले तेव्हाही. कुणीच नव्हते.

मी दगड ओलांडला.

पळाले नाही, ओरडले नाही. चालत गेले, डाळिंबांच्या ओळींतून, खुणेपर्यंत, आणि तिथं उभी राहिले. मागून बापूंचा आवाज आला. तात्यांचा आला असता तर बरं झालं असतं.

"पोरी, फिर माघारी. बिरोबा बघतोय."

"बघू दे," मी म्हणाले. "त्या दिवशी बी बघतच व्हता."

कुणी हसलं नाही. बापूंनी पेन खाली ठेवलं. सही केली नाही आणि दगडही ओलांडला नाही. दोन्हीच्या मध्ये उभे राहिले. साहेबांनी शेजाऱ्याची सही नाही असं लिहिलं आणि मशीन उचललं.

पुढं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. सौरवाल्यांनी तो गट तूर्त सोडला, त्यामुळं तात्यांचा माणूस रोज दारात येऊन शिव्या घालतो. भावकी म्हणते, पोरीनं देवाचा शब्द मोडला, आता मेंढरं मरतील. थंडीत दोन कोकरं मेली, तर माझ्या नावानं बोटं मोडली. खुणेपर्यंतचा ताबा मिळवायला दिवाणी कोर्ट गाठावं लागतं आणि त्याआधी मला माझं नाव हवं. मी वाटपाचा दावा लावलाय. त्यात प्रतिवादी म्हणून बापूंचं नाव आहे. ते मीच टाईप केलं. टाईप करताना रडले आणि टाईप पुरं केलं.

बापूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कोर्ट दहिवडीत हाय न्हवं? दहिवडी दगडाच्या अलीकडंच हाय. यीन मी. पर पलीकडचं पिकलेलं माज्या ताटात नगो."

मी त्यांना समजवायला गेले नाही. समजवणार नाही. ती शपथ त्यांची आहे आणि ते ती घेऊनच मरतील. पण वारसा म्हणून मी ती घेणार नाही. जमिनीबरोबर भीतीही नावावर चढवून घ्यायची, हे मला मान्य नाही.

नाव लागेल. वेळ लागेल, चपला झिजतील, पण लागेल. मग ती डाळिंबं मी मुळासकट काढणार आणि तिथं बाजरी पेरणार. बापू तिची भाकरी खाणार नाहीत. नको खाऊ देत. तात्या जिवंत असतील तर त्यांच्यासमोर, नसतील तर त्यांच्या पोरांसमोर, त्याच वावरात बसून मी खाईन.