दोघांच्या सहीचा अर्ज

कोर्टाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं. वकिलांच्या चुका काढायची खोड होती, तेवढ्यावर पदवी मिळाली. दत्तकाचे अर्ज म्हणजे तर त्याच्या हातचा मळ. कोणाचा कागद कुठे अडेल हे तो आधीच सांगायचा.

त्याच्या स्वतःच्या घरी अनाथाश्रमातून चार वर्षांची मुलगी आली, कोर्टाचा हुकूम होईपर्यंत सांभाळायला. आता नवरा-बायकोच्या सहीचा अर्ज तेवढा द्यायचा होता. लोकांचे अर्ज तासाभरात उरकणारा हा गृहस्थ स्वतःच्या अर्जाला दोन महिने बसला. एक अक्षर चुकलं की पान टरकन फाडायचा. आपल्या पोरीच्या कागदावर खाडाखोड नको, म्हणायचा. असला हट्ट त्यालाच सुचावा. मी म्हातारी झाल्यावर सही घेणार का, असं बायको चिडवायची. मग तिचा साधा ताप डोक्यात गेला. बिनचूक पान घेऊन तो इस्पितळात पोचला, तेव्हा तिला पेन धरवेना. तिसऱ्या दिवशी ती गेली.

एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. कायद्यातली ही ओळ मास्तरने कितीतरी जणांना वाचून दाखवली होती, वर ‘कायद्यापुढे कोणाचं चालतं?’ म्हणून शहाणपणही शिकवलं होतं. तरीही त्याने एकट्याच्या नावाने अर्ज केला. न्यायाधीश बाई काही दगडाच्या नव्हत्या. त्यांनी मुलीला जवळ घेऊन विचारलं, तू कोणाजवळ राहतेस? तिने मास्तरकडे बोट दाखवलं. बाईंनी बराच वेळ कागद चाळले.

“दोघांच्या सहीचा अर्ज आधी दाखल झाला असता, तर काही मार्ग काढता आला असता,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी अर्ज नामंजूर केला.

आठ दिवसांनी आश्रमाच्या ताई न्यायला आल्या. पोरीने पलंगाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. ताईंनी खाऊ दाखवला, गोड बोलून पाहिलं, पण ती ऐकेना. शेवटी तिने मास्तरलाच विचारलं, “आई तिकडे गेलीय का?”

ताईंनी मान खाली घातली.

“हो,” तो म्हणाला.

पोरीने पलंगाचा पाय सोडला आणि ती धावत चपला शोधायला गेली.