समुद्राचं मीठ, उदगीरचं पाणी

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला मुलीकडे होतो. फोन त्यांच्या पत्नीचा, महादेवीवहिनींचा होता. रडणं नव्हतं, फक्त आवाज बसलेला होता. "सर, हे गेले सकाळी. खुर्चीत बसल्या बसल्या गेले..." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन बादलीत मीठ भिजवून ठिवलंय त्यांनी. आतला पंप चालू हाय. बंद करू का राहू दिऊ?" मी म्हणालो, राहू द्या. माणूस गेल्याच्या बातमीला हे काही उत्तर नव्हे. तासाभरात मी उदगीरच्या एस.टी.त बसलो होतो.

ज्यांनी अप्पांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी या बादलीचा खुलासा करायला हवा. मन्मथअप्पा उदगीरच्या मोंढ्यातले मिठाचे ठोक व्यापारी. वडिलांच्या वेळचं दुकान, दाराशी खडा मिठाच्या पोत्यांची थप्पी, आणि गल्लीत आमच्या समोर घर. साठीच्या अलीकडे पलीकडे या गृहस्थांनी घराच्या पुढच्या खोलीत समुद्र आणून ठेवला. काचेची लांबलचक टाकी, तिच्यात खारं पाणी, दगड, मासे आणि जिवंत पोवळी. पोवळं जिवंत असतं हे वहिनींना पटायलाच बरेच दिवस गेले. त्यांच्या माहितीतलं पोवळं अंगठीत बसवलेलं होतं.

खूळ शिरलं ते हैदराबादेत. वहिनींच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते, त्या आत होत्या आणि अप्पा बाहेरच्या बाकावर. तिथे भिंतीत अशी एक टाकी होती. वहिनी हा किस्सा मोठ्या रंगात सांगायच्या, "मी आत पोट फाडून पडले होते, आन हे मासं बघत बसले होते." अप्पा तेवढ्यात टाकीची काच पुसायला उठायचे. मला मात्र एकदा म्हणाले, "भ्या वाटायलं होतं, सर. त्या माशाकडं बघितलं की जरा कमी व्हायचं. आन मनात आलं, सारा जन्म समुद्राचं मीठ विकलं, समुद्र काय बघितला न्हाई. जावं म्हणलं तर दुकान हाय. मंग म्हणलं त्यालाच आणू."

समुद्र करायचा म्हणजे शुद्ध पाण्यात मीठ कालवायचं. इथेच पहिली चूक झाली, आणि ती मिठाच्या व्यापाऱ्याच्याच हातून व्हावी अशी होती. टाकी देणारा हैदराबादचा दुकानदार म्हणाला होता की या कामाचं मीठ वेगळं येतं, पिशवीतून येतं, महाग असतं. अप्पांना तो अपमान वाटला. घरात मिठाची थप्पी असताना परक्याचं मीठ विकत आणायचं? मोंढ्यात लोक काय म्हणतील? त्यांनी आपल्या दुकानातलं चांगलं पांढरंशुभ्र मीठ निवडून टाकीत घातलं. पाणी खारट झालं, दिसायलाही सुरेख दिसलं. मासे मात्र तळाशी बसून धापा टाकायला लागले आणि मेले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून मला बोलावणं आलं. मी सांगितलं की समुद्र नुसता खारट नसतो, त्यात चुना असतो, मॅग्नेशियम असतं आणि बरंच काही असतं. मिठागरात मीठ धरतं तेव्हा त्यातलं पुष्कळसं मागे राहतं. अप्पा ओशाळले नाहीत. मेलेले मासे त्यांनी परसात डाळिंबाखाली पुरले. "आमच्यात माणसालाबी पुरत्यात," एवढंच म्हणाले.

दुसरी अडचण खाद्याची. माशांना गोठवलेली बारीक कोळंबी लागते. अप्पांच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. "मासा बघायला चालतो, फ्रीजमदी न्हाई चालत," असं वहिनींनी बजावलं आणि विषय संपवला. तेव्हा अप्पा ते पाकीट घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आम्ही बौद्ध, आमच्याकडे मासळीला मज्जाव नाही. आमच्या फ्रीजरच्या डाव्या कोपऱ्यात त्या पाकिटाला जागा मिळाली आणि अप्पा रोज सकाळी त्यातला एक तुकडा वाटीत घेऊन जायला लागले. बर्फ सुटेपर्यंत थांबावं लागायचं, म्हणून बसायला लागले. बसले म्हणून चहा आला. इतकी वर्षं समोरासमोर राहत होतो, रस्त्यात तासतास गप्पा व्हायच्या, पण अप्पा आमच्या घरात चहाला कधी बसले नव्हते. मला त्याचा राग होता का? होता, थोडा होता. तो कोळंबीच्या पाकिटानं गेला. मी कौतुकानं सांगत नाही, झालं तसं सांगतो.

मग महागाचं मीठ आलं आणि अप्पांचा खरा स्वभाव दिसला. मोंढ्यात पोत्याचं तोंड बघून माल घेत नाहीत. परखी म्हणजे खोबणीची अणकुचीदार नळी पोत्यात खुपसून वरचा, मधला आणि तळाचा नमुना काढतात. लोखंडाला मिठात गंज येईल म्हणून अप्पांनी प्लास्टिकच्या पाइपचं टोक तिरपं कापून परखी केली. वरच्या मिठाचं एका तांब्यात पाणी केलं, तळाच्या मिठाचं दुसऱ्यात. खारेपणा बघायची दुर्बिणीसारखी नळी असते, तिच्या काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे धरायचा. मग पाण्याची अल्कता मोजायला औषधाचे थेंब टाकत निळा रंग पिवळा व्हायची वाट बघायची, आणि किती थेंब लागले ते लिहायचं. दोन तांब्यांचे आकडे जुळेनात. पिशवी हैदराबादहून हादरे खात आली होती, तिच्यात बारीक भुकटी खाली आणि जाडे कण वर असं झालं असणार. तेव्हापासून नवी पिशवी आली की ती आधी जमिनीवर लोळवायची, उलटीपालटी करायची आणि परखीचे तिन्ही नमुने जुळले तरच वापरायची, हा त्या घरचा नेम झाला. हे काम वहिनी उंबऱ्यात बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "तूर घेताना तरी एवढं बघता का?"

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष उजाडलं. आमच्याकडेही नळ कोरडे पडले, गल्लीच्या तोंडाशी टँकर यायला लागला आणि अप्पांच्या खिडकीतून दिसणारी ती भरलेली टाकी लोकांच्या डोळ्यांत येऊ लागली. एकदा रांगेतली एक म्हातारी खिडकीशी येऊन म्हणाली, "एवढं पाणी कोंडून ठिवलंय व्हय रं, मन्मथा?" अप्पांनी तिला आत बोलावलं, तिच्या तळव्यावर थेंब टाकला. तिनं चाटून बघितला आणि थुंकली. "अगं माय! हे तर मिठवणी हाय. ह्यात जीव कसा ऱ्हातोय?" अप्पा म्हणाले, "तेच तर बघत बसतो, मावशे." म्हातारी गेली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आमच्याकडून चहा न घेताच उठले.

खरा पेच पुढे होता. टाकीतलं थोडं पाणी काढून नवं घालत राहावं लागतं, नाहीतर पोवळी मिटत जातात. त्यासाठी गाळलेलं पाणी लागतं आणि एक घागर गाळताना कितीतरी पाणी मोरीत जातं. वहिनींनी सांगून टाकलं, "माणसाच्या घागरीतला थेंब टाकीला न्हाई मिळायचा." अप्पांनी वाद घातला नाही, त्याच दिवशी पाणी गाळायचा फिल्टर बंद केला. पोवळी आवळत चालली. एक पोवळं कडेनं पांढरं पडलं. मोंढ्यात तेव्हा उदगीर जिल्हा होणार म्हणून रोज खलबतं चालायची. कुणीतरी विचारलं, अप्पा, तुमचं काय म्हणणं? अप्पा म्हणाले, "होऊ द्या की जिल्हा. मंग बंदर मागू." लोक हसले. मी हसलो नाही, कारण सकाळी मी त्यांना त्या पांढऱ्या कडेसमोर बसलेलं पाहिलं होतं.

दुकानाच्या गोदामात एक खोल बोअर होता. त्याचं पाणी इतकं जड की चहासुद्धा बेचव व्हायचा. पिण्यासाठी ते कुणी नेत नव्हतं. अप्पांनी ते आणलं आणि त्यात महागाचं मीठ कालवलं. सकाळी बादलीत दूध ओतल्यासारखं झालं होतं, बाजूंना पांढरी खरखर. मी कारण सांगितलं की चुना पाण्यातही आहे आणि मिठातही, दोन्हीकडून आल्यावर तो विरघळून राहीना. अप्पांनी विचार केला आणि हैदराबादहून हलकं मीठ मागवलं, नुसत्या माशांच्या टाकीचं, ज्यात चुना कमी. दुकानदार फोनवर ओरडत होता की पोवळी मरतील. अप्पांनी तिन्ही नमुने काढले, कालवले, दिवसभर पंप फिरू दिला, थेंब मोजले. पाणी नितळ राहिलं आणि आकडे बसले. टाकीत पहिल्यांदा ते पाणी त्यांनी एकेक तांब्या करून ओतलं. पांढरं पडलेलं पोवळं वाचलं नाही. बाकीची हळूहळू उघडली. पावसानंतर फिल्टर सुरू झाला तसं पुन्हा महागाचं मीठ आलं. "पाणी बदललं की मीठ बदलायचं, सर. मीठ चांगलं का वाईट, हे पाणी ठरवतंय," हे त्यांचं तात्पर्य. त्यांच्या तोंडून ऐकलेलं एवढंच तत्त्वज्ञान.

तर अप्पा गेले. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, खड्ड्यात विभूती आणि मीठ घालतात. मीठ अर्थातच दुकानातून आलं. अप्पांचा पुतण्या ते आणायला निघाला तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "थप्पीच्या मधलं पोतं घे. वरचं वल धरतंय." मी उठून पुढच्या खोलीत गेलो. बादलीतला पंप फिरतच होता. माती देऊन आल्यावर मी ते पाणी तपासलं आणि टाकीत ओतलं. त्याचा खारेपणा अगदी बरोबर होता.

पुढचे काही आठवडे टाकीचं मीच बघितलं. पण माझेही गुडघे आता बादल्या उचलायचे राहिलेले नाहीत. पुतण्यानं नांदेडचा एक हौशी डॉक्टर शोधला. तो मासे, पोवळी, टाकी सगळंच न्यायला तयार होता, रविवारी गाडी यायची ठरली. वहिनींनी गाडी किती वाजता येणार तेवढं विचारून घेतलं. शनिवारी सकाळी मी गेलो तर खोलीत मिठाची नवी पिशवी आडवी पडलेली आणि वहिनी पदर खोचून ती पायानं लोळवत होत्या. मग बसल्या, प्लास्टिकची परखी घेतली. वर, मध्ये, तळाशी. थेंब त्यांनी टाकले, रंग मला विचारला, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना निळं-पिवळं धड कळत नाही. तिन्ही जुळले. "नांदेडच्याला फोन करा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, पेट्रोल वाया घालू नकु."

दुपारी त्या आमच्या दारात आल्या, हातात स्टीलचा झाकणाचा डबा. या गल्लीत त्यांना इतकी वर्षं झाली, आमच्या उंबऱ्याच्या आत त्या पहिल्यांदा आल्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, "ते पाकीट द्या, सर. रोज रोज तुमाला कशाला तरास." मी म्हणालो, वहिनी, तुमच्या फ्रीजमध्ये? त्यांनी डबा पुढे केला. "वरच्या बर्फाच्या खणात जागा केलीय. इरजणाचं भांडं पार खाली ठिवलं... बघत बसायचे ना ते. मंग मासं उपाशी कसं ठिवायचं?"

हे चांगलंच झालं. समतेचे शंभर दाखले देऊन जे झालं नसतं ते झालं. फक्त आता आमच्याकडे सकाळी वाटी घेऊन कुणी येत नाही, बर्फ सुटायची वाट बघत कुणी बसत नाही. बायको म्हणते, फ्रीजरचा तो कोपरा मोकळा आहे, मटार ठेवू का? मी म्हणतो, ठेवू की. अजून ठेवलेले नाहीत.