बाबांनी वाजवलेलं छत

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मला हसू येतं. मी मेकॅनिकल इंजिनियर. आवाज आला की कारण शोधायचं, एवढंच शिकलोय. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं गेली… आता हसायची पाळी तुमची.

माझे बाबा दुसऱ्या महायुद्धात चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीत होते. रेल्वेला, कारखान्यांना कोळसा हवा, म्हणून लढाई संपेपर्यंत खाण सोडायची सोय नव्हती. "मीबी लढाईत होतो," म्हणायचे, आणि आम्ही भावंडं खिदळायचो – टिकाव घेऊन लढलात का बाबा! त्यांच्या एका सवयीची मात्र लाज वाटायची. नव्या जागेत शिरताना ते काठीने छत तीनदा ठोकायचे आणि कान द्यायचे. खाणीत तसंच करतात म्हणे. टणक आवाज आला तर आत जायचं, भद्द आला तर मागे फिरायचं. माझ्या लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हा सासऱ्यांच्या दिवाणखान्यातही ठोकलं. सासूबाईंना वाटलं, जळमटं काढतायत!

१९९८ चा जुलै. मी कुवेतला, अम्गरा या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. दुपारी बाराला माझी चार माणसं आणि मी स्टोअरच्या माळ्याखाली जेवायला बसायचो, सावली तेवढीच. माळ्यावर पाइप रचलेले. त्या दिवशी डबा उघडला आणि वरून ठक्… ठक्… ठक्.

"वर कोण चढलंय रे?"

"कोण नाय हा सायब. शिडी भायर हा," सदा म्हणाला. सदा आमचा वेल्डर, सावंतवाडीकडचा.

पुन्हा ठक्… ठक्… आणि तिसरा आवाज भद्द आला. बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं, हे नंतर कळलं. त्या क्षणी मी विचारच केला नाही.

"उठा! डबे राहू द्या, बाहेर!"

सगळे कुरकुरत उन्हात आले. सदा पाण्याच्या बाटलीसाठी वळला, तर त्याला कॉलर धरून ओढलं. मिनिटभरात माळा पाइपांसकट खाली आला. धूळ बसली तेव्हा पाचही डबे चपटे झालेले दिसले.

संध्याकाळी घरी फोन लावला. अपघाताचं सांगणार नव्हतो, म्हाताऱ्या जिवाला उगाच घोर. आई म्हणाली, "अरे, हे अडीचपासून फोनपाशी बसून आहेत. जेवलेसुद्धा नाहीत." आमचे बारा म्हणजे तिकडचे अडीच.

बाबांनी फोन घेतला.

"सारे निंगाले ना बाहीर?"

मी अजून काहीच बोललो नव्हतो.

"हो बाबा… पाचही."

पलीकडे बाबा रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं.

"मले तवा खाणीत भद्द ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "मुकादम म्हणे, लढाई चालू हाय, गाड्या भरा. म्या तोंड उघडलं नाही. आमी चौघं होतो. मी एकटाच निंगालो."

आधाराचा गंजलेला अँगल तुटला म्हणून माळा पडला, हे कारण मला सापडलं. बाकीचं आजही सापडलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं, हे मी बाबांना कधीच विचारलं नाही, आणि आता ते नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "बाबा, जेवून घ्या आता." त्यांनी आईला ताट वाढायला सांगितलेलं मला ऐकू आलं.