दावणीची अक्षरं

दि. २५ फेब्रुवारी १९३७. दोन रुपये तेरा आणे. भोरात त्या दिवशी पाच लाकडी अक्षरांची ही मजुरी ठरली, नगास नऊ आणे.

अक्षरं कोरणार होता कोंडिबा सुतार, मूळचा विंझरचा. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. गावात तंबूतला सिनेमा येणार होता. आनंदरावांच्या छापखान्यातले शिशाचे मोठ्यात मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, बोटभर उंचीचे, आणि जाहिरातीवर ‘आजपासून’ हा शब्द वीतभर उंच हवा होता.

नमुन्याचा कागद लाकडावर उलटा चिकटवून मिळाला. उलटं काय, सुलटं काय, कोंडिबाला सारखंच. त्याला त्यात भलतंच दिसलं. लहानपणी वेल्ह्याच्या डोंगरात तो शेरडं राखायचा. सकाळच्या धुक्यात त्यांचे पाय दिसत नसत. नुसत्या पाठी, माना आणि कान तरंगत खाली यायचे. दोन आठवडे शिवणीच्या लाकडावर पटाशी चालत राहिली आणि तीच शेरडं पुन्हा उतरत राहिली. ‘ज’नं मान वळवली. ‘न’चं नाक फुगलं. ‘सू’च्या पोटाखाली करडू निजलं.

बुधवारी ठसा काढला. अक्षरं गुबगुबीत, हसरी. पण कुणी उभं, कुणी बसलेलं, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यावरची रेघ वेगळ्या उंचीवर. शब्द जुळेना.

“कोंडिबा, शब्द मागितला होता, तू बाजार आणलास,” आनंदराव म्हणाले. शुक्रवारी पहिला खेळ होता. उद्या सकाळपर्यंत रेघ जुळली नाही तर हे लाकूड सरस तापवायच्या शेगडीत जाईल, असंही त्यांनी बजावलं.

मजुरी बुडेल याचं कोंडिबाला फारसं वाटलं नाही. शेरडं जळतील, हे मात्र सोसवेना.

घरी त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, तो ठसा पाहिला. ती धनगरवाड्यावरची. करडं पांगली म्हणून कुणी जाळतं का, असं तिनं विचारलं आणि चुलीकडे वळता वळता म्हणाली, “दावणीला बांदा की.”

दावण म्हणजे सगळी जनावरं ओळीनं बांधायची एकच लांब दोरी. कोंडिबानं पाचही अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा तासून टाकल्या आणि त्यांच्या पाठींच्या उंचीबरोबर वर-खाली झुलणारी एकच सलग पट्टी कोरली.

सकाळी नवा ठसा आनंदरावांनी बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, “बांधलीस खरी. सोड आता बाजारात.”

पुढे दहा वर्षं भोरात नवी लुगडी, कुस्त्या, चहाचं दुकान, सगळं त्याच अक्षरांत ‘आजपासून’ सुरू झालं. बाजारच्या दिवशी कोंडिबा जाहिरातीच्या भिंतीसमोर उभा राहायचा. काय लिहिलंय ते त्यानं कधी विचारलं नाही. डोळे बारीक केले की भिंतीवर धुकं येतं, एवढंच सांगायचा.

अक्षरांची मजुरी त्याला त्याच शुक्रवारी मिळाली. नवा ठसा दाखवला त्या सकाळी पट्टीचे चार आणे वेगळे ठरले होते. ते छापखान्यानं अजून द्यायचे आहेत.