सांगता येणार नाही

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, रेकॉर्डरूम होती आणि गेली सव्वीस वर्षं तिथे मुनी बसत. हे नाव वॉर्डबॉयनी ठेवलेलं. त्यात आदर किती आणि वैताग किती, हे ज्याची फाईल अडली असेल त्याने ठरवावं. एकदा खुद्द मोठे डॉक्टर हात हलवत परत गेले होते, कारण पेशंट त्यांचा सख्खा सासरा असला तरी त्यांच्या वॉर्डातला नव्हता.

अशा माणसाची जीभ घसरली ती थोरल्या बहिणीच्या घरी, सुट्टीच्या दुपारी, पोटभर जेवण झाल्यावर.

भाचीने आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान स्वतःचं, स्वभाव शांत. ताईला त्या शांतपणाचाच संशय होता.

"सगळ्या गावाची दुखणी तुझ्या कपाटात," ती म्हणाली. "एवढंच सांग, तो कधी तुमच्याकडे भरती होता का?"

"ताई, मला सांगता येणार नाही."

"राहिलं. समोरच्या शिंप्याला फिट येतात म्हणे. तो तरी आला असेल?"

शिंप्याची मुनींना दया आली. "काहीतरीच काय. तो बिचारा कधी आमच्या दारातसुद्धा आलेला नाही."

ताई सावकाश खुर्चीत मागे टेकली. "शिंप्याचं सांगता येतं. घड्याळवाल्याचं येत नाही. म्हणजे घड्याळवाला आला होता. हे लग्न होणार नाही."

मुनींना आपली चूक कळली. इतकी वर्षं कुलपं सांभाळली आणि फुटलं ते एका साध्या 'नाही'तून. आता घड्याळवालाही आला नव्हता म्हणावं, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसू तो आजारी ठरणार. न म्हणावं, तर भाचीचं लग्न मोडणार. ते पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता.

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "मामा," ती म्हणाली, "आई आली होती का रे कधी तुझ्याकडे?"

"मला सांगता येणार नाही," मुनी म्हणाले. सूर तोच, चेहराही तोच.

दाजींनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली घेतलं. "कधी गेली होतीस?"

"अहो, मी कुठे जातेय? तो फक्त सांगता येणार नाही म्हणाला. त्याचा काही अर्थ होत नाही."

"काहीच नाही?" भाचीने विचारलं.

"काही म्हणजे काही नाही. नियम असतो तो त्यांचा."

"मग त्याच्या बाबतीतही होत नाही."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. मग उठून तिने घड्याळवाल्याच्या आईला फोन लावला आणि बोलणी करायला कधी येऊ, म्हणून विचारलं.

दाजी मेहुण्याला पोचवायला फाटकापर्यंत आले. मागे वळून बघत त्यांनी आवाज खाली आणला. "अरे, माझी ती फाईल... नीट ठेवली आहेस ना?"

"कुठली फाईल, दाजी?"

"अरे, मीच विचारतोय. माझी मला."

"तुमची तिथे फाईल आहे, असं मी कुठे म्हणालो?"

दाजींना आधी राग आला. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत मात्र त्यांना फार बरं वाटू लागलं होतं.